आयरिश सेटर: रीलमध्ये देखणा दिसणारा हा लाल शिकारी कुत्रा घरात सांभाळायचा कसा?

इन्स्टावर एक ठरलेलं रील फिरत असतं. हिरवंगार मैदान, त्यावरून स्लो मोशनमध्ये पळत येणारा उंच, तांबूस-लाल कुत्रा, वाऱ्यावर उडणारे कानाचे आणि शेपटीचे रेशमी केस. खाली कमेंट्सही ठरलेल्या. "कुठली जात आहे?", "किंमत किती?", "पुण्यात मिळेल का?"

जातीचं नाव आयरिश सेटर. दिसायला देखणा, स्वभावाने प्रेमळ, लहान मुलांत रमणारा. पण रील जिथे संपतं तिथे या कुत्र्याचा दिवस सुरू होतो. तीस सेकंद पळून तो दमत नाही. तीस मिनिटं पळूनही दमत नाही. आणि ते लांबसडक केस रोज कुणीतरी विंचरलेले असतात.

ही जात मुळात कशासाठी तयार झाली, तिला शिकवायचं कसं, केसांची निगा कशी राखायची, कुठले आजार जिवावर बेततात आणि आपल्याकडच्या हवेत ती पाळावी का, हे सगळं सविस्तर समजून घेऊ.

'सेटर' म्हणजे काय?

नावातच कामाचा पत्ता आहे. पक्ष्याचा वास लागला की हा कुत्रा भुंकत नाही, झडपही घालत नाही. तो जागच्या जागी थबकतो किंवा अंग चोरून जमिनीलगत बसतो. इंग्रजीतल्या याच 'सेट' होण्यावरून सेटर हे नाव पडलं. बंदुका सर्रास वापरात येण्याआधी शिकारी जाळी टाकून पक्षी पकडायचे. कुत्रा दबून बसला की पुढे पक्षी आहेत हे कळायचं आणि जाळं टाकलं जायचं. कुत्रा खाली दबलेला असल्यामुळे ते त्याच्यावरून पुढे टाकणंही सोपं जायचं.

पुढे बंदुका आल्या, पण कुत्र्याचं काम फारसं बदललं नाही. आयर्लंडच्या दलदलीच्या माळरानांवर ग्राउज हा तित्तराच्या जातकुळीतला पक्षी विरळ असायचा. थोड्या पक्ष्यांसाठी मोठा मुलूख पालथा घालावा लागायचा. त्यामुळे मालकापासून लांबवर नागमोडी धावत जाईल, हवेतला वास पकडेल आणि दिवसभर हे करूनही थकणार नाही, अशाच कुत्र्यांची पैदास होत गेली.

ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण या कुत्र्याच्या बहुतेक 'खोड्या' इथूनच येतात. हाक मारल्यावर न येणं, पक्षी दिसला की सगळं विसरणं, घरात स्वस्थ न बसणं हा त्याचा हट्टीपणा नाही. त्याच्या पूर्वजांना शेकडो वर्षं याच कामासाठी निवडलं गेलं.

सुरुवातीला आयर्लंडमधले बरेच सेटर लाल-पांढरे होते. एकोणिसाव्या शतकात पूर्ण लाल रंगाची फॅशन आली. १८८२ मध्ये डब्लिनला आयरिश रेड सेटर क्लब स्थापन झाला आणि १८८६ मध्ये जातीचं अधिकृत वर्णन, म्हणजे स्टँडर्ड, ठरलं. मूळची लाल-पांढरी जात मात्र नामशेष होता होता वाचली. ती आज 'आयरिश रेड अँड व्हाइट सेटर' या नावाने वेगळी जात म्हणून ओळखली जाते.

आयर्लंडमध्ये या कुत्र्याचं स्थान काय, हे तिथल्या रस्त्यावर उभं राहिलं तरी कळतं. सरकारी बससेवा 'बस एरन'च्या लोगोवर धावणारा लाल सेटरच आहे.

एका सिनेमाने या जातीचं काय केलं?

आयरिश सेटरच्या इतिहासातला हा भाग सोशल मीडियावर असणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

१९४५ मध्ये अमेरिकेत 'बिग रेड' ही कादंबरी आली. एक मुलगा आणि एक आयरिश सेटर यांची ती गोष्ट. १९६२ मध्ये डिस्नेने तिच्यावर सिनेमा काढला. १९६९ नंतर राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा 'किंग टिमाहो' हा आयरिश सेटर व्हाइट हाउसमध्ये दिसू लागला. या सगळ्या काळात अमेरिकेत घरोघरी या जातीची मागणी वाढत गेली. १९७४ मध्ये अमेरिकन केनेल क्लबकडे एका वर्षात ६० हजारांहून जास्त आयरिश सेटरांची नोंद झाली. ही जात देशातल्या सर्वांत लोकप्रिय जातींमध्ये जाऊन बसली.

मागणी वाढली की पुरवठा करणारे येतातच. आईबापांची तपासणी न करता, फक्त रंग आणि केस बघून पिल्लांची पैदास होऊ लागली. ती पिल्लं अशा घरांत गेली जिथे दिवसातून दोनदा कोपऱ्यापर्यंत चक्कर एवढाच व्यायाम होता. कुत्रे घरात उड्या मारू लागले, सोफे फाडू लागले. 'देखणा पण वेडा कुत्रा' अशी जातीची बदनामी झाली. फॅशन ओसरली आणि नोंदणीचे आकडे कोसळले. दोष कुत्र्यांच्या माथी लागला. त्यांची पैदास आणि निवड करणारी माणसं बाजूलाच राहिली.

शिकारीच्या मैदानावरही परिणाम आधीच दिसू लागला होता. १८७४ ते १९४८ या काळात अमेरिकेत ७६० आयरिश सेटर सौंदर्यस्पर्धांत चॅम्पियन झाले, पण मैदानी कामात चॅम्पियन ठरले फक्त पाच. कामापेक्षा केसांना महत्त्व आलं होतं. म्हणूनच विसाव्या शतकाच्या मध्यावर काही अमेरिकन शौकिनांनी इंग्लिश सेटरशी संकर करून 'रेड सेटर' ही कामाची वेगळी शाखा उभी केली. ते कुत्रे चणीने लहान आणि केसांनी आखूड असतात.

आज रील्सवरून हस्की, चाऊ चाऊ, बॉर्डर कॉली यांची जी लाट येते आणि ओसरते, तिची ही पन्नास वर्षांपूर्वीची आवृत्ती म्हणता येईल.

आकार आणि स्वभाव

पूर्ण वाढलेला नर खांद्यापर्यंत साधारण ६५ ते ६८ सेंटीमीटर उंच आणि ३० किलोच्या आसपास असतो. मादी थोडी लहान. आयुष्य साधारण १२ वर्षं किंवा त्याहून थोडं जास्त.

स्वभाव आनंदी आणि माणूसवेडा. घरी आलेल्या चोरालाही शेपटी हलवून दाखवेल, त्यामुळे राखणीसाठी ही जात नाही. एकटं राहणं त्याला जमत नाही. घरातली सगळी माणसं सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला परत येत असतील, तर हा कुत्रा रडेल, दार ओरबाडेल आणि शेजारी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकतील.

आणखी एक मुद्दा म्हणजे बालपण. बऱ्याच जाती वर्ष-दीड वर्षात शांत होतात. आयरिश सेटर शहाणा व्हायला दोन ते तीन वर्षं घेतो. शरीर पूर्ण वाढलेलं आणि डोकं पिल्लाचं, असा हा मधला काळ असतो. कुत्रा सोडून देण्याचा विचार मालकांच्या मनात येतो तो बहुधा याच काळात.

व्यायाम: किती आणि कसा?

ब्रिटनच्या केनेल क्लबच्या माहितीनुसार या जातीला दिवसाला दोन तासांहून जास्त व्यायाम लागतो. हा आकडा प्रौढ, निरोगी कुत्र्यासाठी आहे. आणि व्यायाम म्हणजे पट्टा धरून रमतगमत चालणं एवढंच नाही, दिवसातून एकदा तरी मोकळं पळायला मिळायला हवं.

पिल्लाच्या बाबतीत मात्र उलटी काळजी घ्यावी लागते. हाडं वाढत असताना लांब पळवणं, सायकलबरोबर धावायला लावणं, सारखे जिने चढवणं-उतरवणं यांनी सांध्यांवर ताण येतो. साधारण वर्ष ते दीड वर्षापर्यंत मऊ जमिनीवर, त्याच्या मर्जीने खेळू द्यावं आणि दमला की थांबवावं.

पायांइतकंच नाकालाही काम द्या. या कुत्र्याचं डोकं नाकात असतं. त्यासाठी काही सोपे खेळ:

- घरातल्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत खाऊ लपवा आणि 'शोध' म्हणा.
- जुन्या टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून द्या, उलगडायला लावा.
- जेवणाचा थोडा भाग गवतात पसरून वेचायला लावा.
- फिरायला गेल्यावर पाच-दहा मिनिटं त्याला हवं तिथे मनसोक्त हुंगू द्या, ओढू नका.

वीस मिनिटं नाक चालवलेला कुत्रा तासभर चाललेल्या कुत्र्याइतका शांत झोपलेला बऱ्याचदा दिसतो. पाऊस असो की ऊन, घराबाहेर पडता येत नाही त्या दिवसांत हे खेळ कामाला येतात.

ट्रेनिंग: आवाज चढवून हा कुत्रा शिकत नाही

आयरिश सेटर हुशार आहे आणि तितकाच हळवाही. ओरडलं, मारलं, पट्ट्याला हिसका दिला की तो एकतर बिचकतो किंवा तुमच्याजवळ यायचंच टाळतो. शिकवण्याचा मार्ग एकच, हवं ते केलं की लगेच बक्षीस. 'लगेच' म्हणजे एक-दोन सेकंदांत. उशीर झाला की बक्षीस कशाचं होतं हे त्याला कळत नाही.

पहिली पायरी, शब्द ठरवा. आजी 'ये रे बाळा' म्हणते, बाबा 'कम' म्हणतात आणि ताई नुसती शिट्टी मारते, अशा घरात कुत्रा गोंधळतो. 'ये', 'बस', 'थांब', 'सोड' असे चार-पाच शब्द घरात सगळ्यांनी मिळून ठरवा आणि फ्रिजवर चिकटवा. भाषा मराठी की इंग्रजी याने कुत्र्याला फरक पडत नाही, सगळ्यांचा शब्द एकच हवा.

दुसरी पायरी, वेळ थोडा ठेवा. पिल्लाला एका वेळी पाच मिनिटं पुरतात. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं शिकवलेलं टिकतं. सलग अर्ध्या तासात त्याचं लक्ष उडतं.

तिसरी पायरी, जगाची ओळख लवकर करून द्या. साधारण तीन आठवडे ते तीन-साडेतीन महिने हा पिल्लाचा सगळं स्वीकारण्याचा काळ. मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, लिफ्ट, रिक्षा, छत्रीवाली माणसं, लहान मुलं यांची ओळख याच वयात, गोड खाऊच्या नव्हे तर कुत्र्याच्या आवडीच्या खाऊच्या सोबतीने व्हावी. लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी पिल्लाला रस्त्यावर न सोडता कडेवर घेऊन जग दाखवता येतं.

चौथी आणि सर्वांत कठीण पायरी म्हणजे हाकेला परत येणं. लांब धावत जाण्यासाठीच घडलेला हा कुत्रा, त्यामुळे इथे घाई चालत नाही. क्रम असा ठेवा:

१. घरात, कुणी नसताना 'ये' म्हणा. आला की त्याला सर्वांत आवडणारा खाऊ द्या. उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा चालतो.
२. मग गच्चीत किंवा बंद आवारात तेच करा.
३. मग मोकळ्या मैदानावर आठ-दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला बांधून करा. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका, पळता पळता झटका बसला तर मानेला इजा होते.
४. दोरीवर असताना कबुतरं, कावळे, इतर कुत्रे आसपास असूनही तो दहापैकी नऊ वेळा परत येऊ लागला, तर कुंपण असलेल्या जागेत मोकळा सोडून बघा.
५. कुंपण नसलेल्या जागी, विशेषतः रस्त्याजवळ, दोरी सोडू नका. कितीही शिकवलेला असला तरी पुढ्यातून पक्षी उडाला की त्याला मागून येणारा ट्रक दिसत नाही.

इथे बहुतेक जण दोन चुका करतात. पहिली, कुत्रा उशिरा आला म्हणून रागावणं. त्याच्या दृष्टीने तो तुमच्याकडे आला आणि त्याला ओरडा बसला, मग पुढच्या वेळी तो का येईल? दुसरी, फक्त घरी जायच्या वेळीच हाक मारणं. मग 'ये' म्हणजे मजा संपली असा त्याचा समज होतो. फिरताना पाच-सहा वेळा उगाच हाक मारा, खाऊ द्या आणि परत खेळायला सोडा.

अंगावर उड्या मारणं ही या जातीची हमखास सवय. त्यावर ओरडलं किंवा हाताने ढकललं तर त्याला तो खेळच वाटतो. उडी मारली की शांतपणे पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर आले की कौतुक करा. पाहुण्यांनाही हे आधी सांगून ठेवा, कारण एकाने लाड केले की आठवड्याची मेहनत वाया जाते.

केस: रोजची दहा मिनिटं

कानांवर, छातीवर, पोटाखाली, पायांच्या मागे आणि शेपटीवर लांब झालरीसारखे केस हे या जातीचं वैशिष्ट्य. आणि जटाही नेमक्या तिथेच होतात. कानामागे, काखेत आणि मागच्या मांड्यांवर सर्वांत आधी.

रोज दहा मिनिटं विंचरलं तर काम सोपं राहतं. आधी ब्रश, मग रुंद दातांचा स्टीलचा कंगवा. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच केस मोकळे झाले असं समजा. जट दिसली तर ओढू नका. आधी बोटांनी मोकळी करा, मग कंगव्याच्या टोकाने थोडी थोडी सोडवा. जटेवर पाणी पडलं की ती आणखी घट्ट होते, म्हणून अंघोळ नेहमी विंचरल्यानंतर.

अंघोळ साधारण महिन्यातून एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने. माणसांचा शाम्पू त्यांच्या त्वचेला मानवत नाही. अंघोळीनंतर मुळापर्यंत कोरडं करणं महत्त्वाचं, ओल राहिली की खाज आणि बुरशी ठरलेली.

कान लोंबते आणि केसाळ, त्यामुळे आत हवा खेळत नाही. आठवड्यातून एकदा कान उलटून बघा. लाली, घाण वास, काळपट मळ दिसला किंवा कुत्रा सारखं डोकं झटकत असेल तर व्हेटकडे न्या. कानात इअरबड घालून कोरू नका.

पंजांच्या बोटांमधले केस कापून बेताचे ठेवा. मात्र उन्हाळा आला म्हणून अंगाचे सगळे केस भादरू नका. केसांच्या थरामुळे उन्हापासून त्वचेचं रक्षण होतं, आणि भादरल्यावर केस पूर्वीसारखे येतीलच असं नाही.

खाणं: पोळी-दुधाचा प्रश्न

आपल्याकडे कुत्र्याचं जेवण म्हणजे पोळी-दूध, ही जुनी पद्धत. कुठल्याही कुत्र्याला तेवढ्यावर पूर्ण पोषण मिळत नाही. आयरिश सेटरच्या बाबतीत त्यात आणखी एक धोका आहे.

या जातीच्या काही घराण्यांमध्ये ग्लुटेन न सोसण्याचा आनुवंशिक आजार आढळला आहे. ग्लुटेन म्हणजे गहू, बार्ली अशा धान्यांमधलं प्रथिन. ज्या कुत्र्यांत हा आजार असतो त्यांच्या आतड्याच्या आतल्या थराला गव्हामुळे इजा होते. खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन वाढत नाही, जुलाब होत राहतात. लक्षणं पिल्लू काही महिन्यांचं असतानाच दिसू लागतात. आहारातून गहू पूर्ण काढला की सुधारणा होते.

प्रत्येक आयरिश सेटरला हा त्रास असतो असं नाही. पण पिल्लू भरपूर खाऊनही हडकुळं राहत असेल, सतत पातळ शी होत असेल, तर जंताचं औषध दिलंय एवढ्यावर समाधान मानू नका. व्हेटला ग्लुटेनबद्दल स्पष्ट विचारा.

घरचं जेवण द्यायचं असेल तर भात, चिकन किंवा अंडी, उकडलेल्या भाज्या यांचं प्रमाण आणि कॅल्शियमची गरज व्हेटकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले शुगरफ्री पदार्थ कुत्र्यांसाठी विषारी आहेत. फोडणीची आमटी-भाजी म्हणूनच नको.

पोटफुगी: इथे तास नाही, मिनिटं मोजायची

खोल आणि अरुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये एक जीवघेणा प्रकार होतो. पोटात वायू भरून ते फुगतं आणि स्वतःभोवती पिळा घेतं. याला व्हेट 'ब्लोट' किंवा 'जीडीव्ही' म्हणतात. पिळा पडला की पोटाचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा दगावू शकतो. आयरिश सेटर या धोक्यातल्या जातींपैकी एक.

लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत:

- उलटीसाठी वारंवार कळा येतात, पण बाहेर काहीच पडत नाही.
- पोट फुगून ढोलासारखं टणक लागतं.
- भरपूर लाळ गळते.
- कुत्रा बेचैन होतो, बसतो-उठतो, पोटाकडे बघतो.
- हिरड्या फिक्या पडतात, मग तो कोसळतो.

घरगुती उपाय करत बसू नका. इनो, हिंग, ताक, काहीही नाही. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा. आपल्या भागात रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे कुत्रा घरी आणायच्या आधीच शोधून त्याचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

धोका कमी करण्यासाठी दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागून द्या. हावरटासारखा खात असेल तर अडथळे असलेलं भांडं वापरा. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर पळापळ नको. नसबंदीच्या वेळीच पोट आतल्या बाजूने टाके घालून स्थिर करण्याची शस्त्रक्रियाही करता येते, त्याबद्दल व्हेटशी बोला.

पिल्लू घेताना ब्रीडरला काय विचारायचं?

या जातीत काही आजार आईबापांकडून येतात. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करून आंधळेपण आणणारा 'पीआरए', पिल्लांची प्रतिकारशक्ती मोडणारा 'सीएलएडी', खुब्याच्या सांध्याचा डिस्प्लेजिया आणि अपस्मार, म्हणजे फिट येणं.

यातल्या काहींसाठी डीएनए चाचणी आहे. आयरिश सेटरमधल्या पीआरएच्या एका प्रकाराला कारणीभूत असलेला जनुकातला दोष १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सापडला. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू आजारी पडतं. एकाकडूनच आला तर पिल्लू निरोगी दिसतं, पण पुढच्या पिढीला दोष देऊ शकतं. म्हणजे आईबाप ठणठणीत दिसतात याला काही अर्थ नाही, कागद बघावा लागतो.

विचारायचे प्रश्न हे:

- आईबापांच्या पीआरए आणि सीएलएडी चाचणीचे रिपोर्ट दाखवता का?
- खुब्याचा एक्स-रे काढला आहे का?
- पिल्लाची आई बघायला मिळेल का?
- या घराण्यात कुणाला पोटफुगी, फिट किंवा ग्लुटेनचा त्रास झाला आहे का?

भारतात २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीविषयक नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. फोटो पाठवून, ॲडव्हान्स घेऊन, 'उद्या कुरिअरने पाठवतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

महाराष्ट्रात पाळता येईल का?

ही जात थंड, ओलसर हवेत घडली. आपल्याकडे ती क्वचितच दिसते आणि त्यामागे हवामान हे एक मोठं कारण असू शकतं.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून शरीर थंड करतो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही आणि विदर्भ-मराठवाड्यात पारा ४० च्या पुढे गेला की धापा पुरत नाहीत. वर हा कुत्रा स्वतःहून थांबत नाही, तुम्ही चेंडू फेकाल तोवर तो पळेल.

म्हणून उन्हाळ्यात फिरणं सूर्य वर येण्याआधी आणि अंधार पडल्यावरच. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. चटका बसला तर त्याच्या पंज्यांनाही बसणार. खूप धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. लगेच सावलीत न्या, अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच व्हेटकडे निघा. बर्फाचं पाणी ओतू नका.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दुसरी लढाई, गोचिडांची. लांब केसांत गोचीड दिसत नाही, म्हणून रोज कानात, काखेत, बोटांमध्ये हात फिरवून बघावं लागतं. गोचीड तापात कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो, कधी नाकातून रक्त येतं. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, ती त्याला घातक ठरू शकते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोची लागण होते, त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. रेबीजची तर चुकवायचीच नाही.

दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं येतात. माळावर पळून आलेल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेलं कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात घुसतं, आत सरकत जातं आणि पू होतो. घरी आल्यावर आधी कंगवा, मग पाणी, मग जेवण असा नेम ठेवा.

कायद्याचंही बघायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे वन्य पशुपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. 'शिकारी जात आहे, जरा मजा' म्हणून मोर-तित्तरांमागे कुत्रा सोडणं अंगाशी येऊ शकतं. पुणे-मुंबईसारख्या शहरांत महापालिकेचा परवाना काढावा लागतो. आणि नंतर झेपत नाही म्हणून कुत्रा रस्त्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आयर्लंड किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हवेचा प्रश्न सोपा आहे. तिथे मायक्रोचिप सक्तीची आहे आणि मेंढ्यांच्या कुरणाजवळ कुत्रा मोकळा सोडण्याची किंमत मोठी असते, एवढं ध्यानात ठेवलं पाहिजे.

लांब केसांचा शिकारी कुत्राच हवा असेल तर?

आपल्या मातीतही असा कुत्रा आहे. सोलापूर, सांगली आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकातल्या मुधोळ भागात कारवानी किंवा मुधोळ हाउंड शेकडो वर्षं पाळला जातो. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं. त्यातल्याच कानांवर, पायांवर आणि शेपटीवर झालर असलेल्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात. इथल्या उन्हाला तो सरावलेला आहे. अर्थात तोही धावण्यासाठीच जन्मलेला, फ्लॅटच्या गॅलरीत बांधून ठेवण्यासाठी नाही.

घेण्याआधी स्वतःला विचारायचे पाच प्रश्न

१. पुढची १२ वर्षं रोज दोन तास, पावसातही, कोण फिरवणार? माणसाचं नाव सांगता येतंय का?
२. दिवसभर घरात कुणी असतं का?
३. मोकळं पण कुंपण असलेलं मैदान जवळ आहे का?
४. एप्रिल-मेमध्ये कुत्र्यासाठी कूलर किंवा एसी चालवणं परवडेल का?
५. रात्री दोन वाजता पोटफुगीची शस्त्रक्रिया करावी लागली तर दवाखाना आणि पैसे, दोन्हीची सोय आहे का?

पाचही उत्तरं 'हो' असतील तर आयरिश सेटरइतका जीव लावणारा सोबती शोधून सापडणार नाही. एकाही प्रश्नावर अडखळलात, तर सध्या ते रील लाइक करून पुढे जा. आणि "किंमत किती?" असं कमेंटमध्ये विचारणाऱ्या मित्राला हे पाच प्रश्न पाठवून द्या.